मदत हवी आहे: गळा नसलेल्यांना जमतील अशी इंग्रजी कराओके गाणी

काठावरचा
ऑफिसच्या कार्यक्रमात कराओके आहे. परदेशी सहकारी येणार आहेत, म्हणून गाणी इंग्रजीच हवीत. आम्ही सहा जण: चार पुरुष, दोन बायका. कोणीही गाणं शिकलेलं नाही. ताल बरा आहे, वर गेलं की आवाज चिरतो. हाताशी लॅपटॉप, ब्लूटूथ स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माइक आहेत. दिवस दहा. सध्या यादीत 'हॉटेल कॅलिफोर्निया' आणि 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' आहेत. ठेवावीत की काढावीत?

खर्जवाला
दोन्ही काढा. 'हॉटेल कॅलिफोर्निया'त पहिला शब्द यायलाच पन्नासेक सेकंद लागतात आणि शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार. तेवढा वेळ माइक धरून उभं राहणं हे गाण्यापेक्षा अवघड काम आहे. 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' ऐकायला सोपं वाटतं, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. पण ब्रायन ॲडम्सचा आवाज उंच आहे. ध्रुवपद जमावं म्हणून पट्टी (गाण्याचा आधारसूर) उतरवली की कडवं जमिनीत जातं. 'पाठ आहे' आणि 'गाता येतं' यांत सगळे इथेच फसतात.

गाणी निवडण्याआधी प्रत्येकाचा पल्ला मोजा. त्यासाठी 'हॅपी बर्थडे' पुरतं. त्याची तिसरी ओळ (नाव घेतो ती) जिथे उडी मारते, ती उडी बरोबर एका सप्तकाची असते. ज्या सुरावर गाणं सुरू होतं तोच सर्वांत खालचा, आणि उडी जिथे पोचते तो सर्वांत वरचा.

मोबाइलवर पियानोचं ॲप घ्या. सुरुवातीचा सूर खाली खाली नेत जा. जिथे तो नुसती हवा होतो, त्याच्या एक स्वर वरचा सूर लिहून ठेवा: ही तुमची खालची हद्द. मग सुरुवात वर वर न्या. तिसऱ्या ओळीत आवाज चिरायला लागला की एक पायरी मागे या आणि उडी कुठे पोचली तो सूर लिहा: ही वरची हद्द. पाच मिनिटांचं काम. उभं राहून आणि नेहमीच्या आवाजात करा, दबक्या आवाजातलं माप चुकतं.

काळी_तीन
वरच्याशी सहमत. आता गाणी.

रिंगो स्टारला धरून बीटल्सनी बेतलेली गाणी तुमच्यासाठीच आहेत. त्याच्या आवाजाचा पल्ला बेताचा, म्हणून 'यलो सबमरीन' (१९६६) आणि 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' (१९६७) यांची चाल थोड्या सुरांत फिरते. दुसऱ्याचं कडवं जवळपास पाच सुरांत बसतं. त्यात मित्र प्रश्न विचारतात आणि मुख्य गाणारा उत्तर देतो, त्यामुळे दोघांत वाटून घेता येतं. फक्त अगदी शेवटचा सूर उंच आणि लांब आहे. तो ज्याला जमेल त्याच्यावर सोपवा, मुख्य गाणाऱ्याने खालीच थांबलं तरी चालतं.

'स्टँड बाय मी' (१९६१) एकट्याने गाण्यासाठी. चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) शेवटपर्यंत त्याच क्रमाने फिरतात, त्यामुळे चुकलात तरी पुढच्या फेरीत शिरता येतं. मूळ पट्टी पांढरी सहा (पियानोवरचा ए). ती बऱ्याच पुरुषांना उंच पडते. मायनस तीन (तीन अर्धे स्वर खाली) केलं की काळी तीन येते, तिथून सुरुवात करा.

बायकांसाठी 'दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिन' (१९६६). चाल खालच्या सुरांत, अर्धी बोलल्यासारखी. ठसका हवा, गळा नको. दुसरं 'के सरा सरा' (१९५६). ते तीनच्या ठेक्यात आहे, दादऱ्याची सवय असलेल्या कानाला लगेच सापडतं.

'कंट्री रोड्स' सगळे सुचवतील. समूहाला छान आहे, पण दुसऱ्या ध्रुवपदानंतर एक वेगळा तुकडा येतो, त्याची चाल बहुतेकांना माहीतच नसते आणि तिथे सगळा हॉल गप्प होतो. तेवढाच तुकडा वीस वेळा घोटा.

एक सापळा सांगून ठेवतो. जॉनी कॅशचा आवाज खर्जातला म्हणून लोक डोळे मिटून 'आय वॉक द लाइन' घेतात. त्यात प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते. कॅश स्वतःसुद्धा मध्ये गुणगुणून नवा सूर धरतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

काठावरचा
मापं घेतली. तिघा पुरुषांची साधारण ए२ ते डी४, दोघींची जी३ ते सी५ (ॲपमधली नावं: अक्षर म्हणजे सूर, आकडा म्हणजे सप्तक). चौथा मोजूच देत नाही, गाणार नाही म्हणतो. दुसरी अडचण अशी की पडद्यावरचे शब्द आमच्यापुढे पळतात. इंग्रजी तर रोज बोलतो, मग असं का?

समेवर
कारण आपण इंग्रजी शब्दांतलं प्रत्येक अक्षर मराठीसारखं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजी गाण्यात जोराचं अक्षर ठोक्यावर पडतं आणि मधली किरकोळ अक्षरं चेंगरून जातात. ती सगळी नीट उच्चारायला गेलात की ठोका हुकलाच.

पुन्हा 'हॅपी बर्थडे'च घ्या. सम 'हॅपी'वर नाही, 'बर्थ'वर आहे. 'हॅपी' समेच्या आधीच संपलेलं असतं. कित्येक इंग्रजी ओळी अशाच समेआधी उचलायच्या असतात. पडद्यावर शब्दाचा रंग बदलेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. श्वास आदल्या ओळीच्या शेवटी घेऊन ठेवायचा.

सराव असा करा: पहिले तीन दिवस चाल नकोच. पायाने ठेका धरून शब्द नुसते बोला. यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवा, मग १. शब्दांचा कागद छापून जोराच्या अक्षरांखाली रेघ मारा आणि श्वासाच्या जागी तिरपी रेघ. चौथ्या दिवसापासून चाल. यूट्यूबवर वेग बदलतो, पट्टी बदलत नाही. ट्रॅकची फाइल असेल तर ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये 'चेंज पिच'ने उतरवा. चार अर्ध्या स्वरांपलीकडे गेलात तर वाद्यं बोदी वाटायला लागतात, तेव्हा गाणंच बदला. आणि पट्टी एकदा ठरली की शेवटच्या दिवशी तिला हात लावू नका.

डी४ ही वरची हद्द असेल तर गाण्यातला सर्वांत उंच सूर सी४पर्यंतच ठेवा. लोकांसमोर छाती धडधडत असते, घरी जमलेला शेवटचा सूर तिथे मिळत नाही.

वायरिंग
सुरांचं झालं, पण ब्लूटूथ स्पीकर तुमचा घात करेल. माइकचा आवाज ब्लूटूथवरून गेला की मागून येतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, तो आपोआप रेंगाळतो आणि सगळे म्हणतात ताल नाही. लॅपटॉप ऑक्स वायरने जोडा. माइकचा रिसीव्हर थेट स्पीकरच्या माइक इनपुटला लावा. तसं इनपुट नसेल तर छोटा ऑडिओ मिक्सर भाड्याने आणा.

माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर. वरच्या जाळीला मूठ आवळू नका, त्याने आवाज गुदमरतो आणि शिट्टी वाजते. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. एको थोडाच. जास्त एकोने बेसूरपणा लपतो हा गैरसमज आहे, तो फक्त लांबतो. ट्रॅक इतका मोठा नको की गाणाऱ्याला ओरडावं लागेल: ओरडताना सूर चढतो. कार्यक्रमाआधी नवे सेल घाला, एक जोडी खिशात ठेवा.

काळी_तीन
क्रम सांगायचा राहिला. पहिलं 'यलो सबमरीन', सगळ्यांनी मिळून. एकट्याची गाणी मध्ये. शेवटी 'स्वीट कॅरोलाइन' (१९६९): ध्रुवपद चढत जातं खरं, पण नेमकं तिथेच लोक तुतारीची नक्कल करत ओरडतात, परदेशी पाहुणे तर हमखास. तुम्ही कडवं सांभाळा, उंच जागा हॉलला देऊन टाका.

काठावरचा
सगळ्यांचे आभार. पण चौथ्याचं काय करू?

खर्जवाला
त्याला 'टकीला' द्या. १९५८चं, द चॅम्प्सचं. पूर्ण गाणं वाद्यांचं आहे, सॅक्सोफोन वाजत राहतो आणि संगीत थांबलं की जाड्या आवाजात एकच शब्द बोलायचा, तोही शीर्षकाचा. असं तीनदा. पट्टी नाही, चाल नाही. मात्र तिन्ही जागा ऐकून पाठ करायला लावा. शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर मजा गेली.