आंग्रिया बँक राखीव करायची, पण राखणार कोण?

वावभर_पाणी:
विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे, आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. साधारण ४० किमी लांब, १५ किमी रुंद. माथ्यावर अकरा-बारा वाव (वीसेक मीटर) पाणी, कडेला एकदम खोल. नद्यांचा गाळ इतक्या लांब पोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ टिकून आहे. माझं मत सरळ आहे: माथा पूर्ण बंद करा. ट्रॉल (तळाशी ओढायचं जाळं) बंद, गरी (गळ) बंद, नांगरसुद्धा बंद. वारा फिरला की नांगराची साखळी बोटीबरोबर फिरते आणि खालचं वर्तुळच्या वर्तुळ खरवडून काढते. गोट्यासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. हिशोब तुम्हीच करा.

दालदी_आळी:
मालवण विसरलात वाटतं. १९८७ साली २९ चौरस किमीचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, गाभा तीन चौरस किमीच्या आसपास. मच्छीमारांना विश्वासात घेतलं नाही म्हणून सुरू झालेला विरोध अजून शमलेला नाही. आता तोच खेळ खोल पाण्यात?
आणि ट्रॉलवाला माथ्यावर जातच नाही हो. खडपात (खडकाळ तळात) जाळं उघडं ठेवणारी फळी अडकली की ओढायची वायर तुटते, जाळं फाटतं, ट्रिप बुडाली. तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) जीपीएसमध्ये अशा जागांवर फुली मारलेली असते.

कलम_बहाद्दर:
एक गल्लत दोघांकडूनही होतेय. आंग्रियाला मालवणचा कायदा लागूच होत नाही. अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली, आणि तेही १२ सागरी मैलांच्या आत. आंग्रिया ५७ मैलांवर, म्हणजे राज्याचा मासेमारी कायदाही तिथे संपलेला. तिथे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचं कलम ७ चालतं; अनन्य आर्थिक क्षेत्रातला (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातला) एखादा भाग ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून केंद्र सरकार अधिसूचित करू शकतं.
गंमत पुढे आहे. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये कलम २६अ आलं: प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण करणं बंधनकारक. मालवण त्याच्या आधीचं. आणि १९७६ च्या कायद्यात असं कलमच नाही. म्हणजे आंग्रियावर मच्छीमाराला कायद्याचा आधार मालवणपेक्षा जास्त नाही. दालदी_आळी, तुम्ही ओरडायला हवं ते यावर.

दालदी_आळी:
ओरडतोच आहे. पण अधिसूचना निघाली तरी पाहणार कोण? सात नॉटने (ताशी सात सागरी मैल) निघालेली बोट तिथे पोचायला आठ तास. तक्रारीनंतर गस्तीची नौका वेगात गेली तरी समोर मोकळं पाणी.

वावभर_पाणी:
गस्तीची वाट कशाला पाहायची? उपग्रहावर चालणारे, बोटीची जागा कळवणारे ट्रान्सपाँडर एक लाख बोटींवर मोफत बसवायची केंद्राची योजना आहे. बोट कुठून कुठे गेली ती रेघ किनाऱ्यावर बसून दिसते.

यंत्रघर:
रेघ दिसते, जाळं दिसत नाही. इथेच बहुतेक आराखडे फसतात, म्हणून जरा विस्ताराने.
ट्रॉल ओढताना बोट दोन ते चार नॉटने चालते, मोकळी जाताना सात-आठने. त्यामुळे तीन नॉटची दोन तासांची सरळ रेघ म्हणजे ट्रॉल, हे ओळखता येतं. पण गरीवाली बोट जवळपास थांबलेली असते, आणि खलाशी झोपलेत म्हणून थांबलेली बोटही नकाशावर तश्शीच दिसते. ‘मासेमारी बंद’ असा नियम केलात तर सिद्धच करता येणार नाही. नियम हवा ‘थांबणं बंद’: पाच नॉटच्या वर पार व्हा, कोणी अडवणार नाही. इंजिन बंद पडलं किंवा वादळ आलं तर ट्रान्सपाँडरवरून संदेश टाका, त्या वेळेपुरती सूट.
दुसरं, सीमा खोलीच्या रेषेने आखू नका. अक्षांश-रेखांशाचा सरळ चौकोन हवा, तांडेलाला चार आकडे भरता आले पाहिजेत. शिवाय वायर पाण्याच्या खोलीच्या तीन ते पाच पट सोडतात. शंभर मीटर पाण्यात जाळं बोटीच्या मागे तीनशे ते पाचशे मीटर असतं. बोट बाहेर, जाळं आत! म्हणून भोवती किमान किलोमीटरभर पट्टा सोडा.

दालदी_आळी:
हे पटण्यासारखं आहे. पण पोटाचं काय? किरिबातीने फिनिक्स बेटांभोवतीचं चार लाख चौरस किमीहून जास्त पाणी २०१५ पासून व्यापारी मासेमारीला बंद केलं, जगाने टाळ्या वाजवल्या, आणि २०२१ मध्ये त्याच सरकारने ते पुन्हा उघडायचं जाहीर केलं. परवान्यांचं उत्पन्न बुडत होतं.

वावभर_पाणी:
तिथला मासा ट्यूना, आज इथे उद्या तिथे. आंग्रियावर प्रश्न हेकरूचा (ग्रूपर माशाचा) आहे. तो खडप सोडत नाही. त्यातच बऱ्याच जाती आधी मादी असतात, मोठ्या झाल्यावर नर होतात. गरीला सगळ्यात मोठा मासा आधी लागतो, म्हणजे नरच जातात. सहाशे चौरस किमी राखलं तर फायदा कडेला मासेमारी करणाऱ्यालाच.

कलम_बहाद्दर:
मुदत घाला मग. अंटार्क्टिकजवळच्या रॉस समुद्राचं १५ लाख चौरस किमीचं क्षेत्र २०१६ मध्ये एकमताने ठरलं, रशिया आणि चीनसकट. त्याला ३५ वर्षांची मुदत आहे.

दालदी_आळी:
रॉस समुद्रावर पेंग्विन मतदान करत नाहीत. इथे पाच वर्षं म्हणा, आणि फक्त माथा. पैशाचा रस्ता राज्याकडे आहेच: संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर फोटो दाखवून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. तसंच माथ्यावरच्या हरवलेल्या जाळ्यांची नोंद आणि फोटो आणणाऱ्या मच्छीमार सोसायटीला मोबदला द्या.

यंत्रघर:
आणि घुसलेल्या बोटीचा नंबर?

दालदी_आळी:
तो ट्रान्सपाँडरच्या सर्व्हरने द्यावा. खलाशाकडून मागू नका, त्याला त्याच जेटीवर बर्फ भरायचा असतो.