रहस्यपट गटाने बघायचा आहे: कुठे थांबवायचा, गुण कसे द्यायचे?

खानापूर_स्टेशनरोड
सुट्टीत घरी दहा-बारा जणांना बसवून खुनाचा सिनेमा दाखवायचा बेत आहे. मध्ये थांबवून प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्यायची, खून कोणी केला म्हणून. मंडळी मिश्र आहेत: काही मराठी शाळेतली, काही कन्नड, शिवाय आठवी-नववीची दोन-तीन पोरं. टीव्ही ४३ इंची. नेमका कुठे थांबवायचा? चिठ्ठीत काय विचारायचं? नुसतं नाव विचारलं तर आठ संशयितांत कुणीतरी डोळे मिटूनही बरोबर निघणार. पावसात करंटचा भरवसा नाही, त्याचंही सांगा.

अनगोळ_नाका
दाखवणाऱ्याने सिनेमा आधी एकट्याने पूर्ण बघायचा आणि मिनिटं लिहून ठेवायची. हे टाळलं की खेळ फसला.

थांबे दोनच. पहिला, प्रेत सापडून सगळ्या संशयितांच्या जबान्या झाल्यावर. दोन तासांच्या सिनेमात हे साधारण ४० ते ५० मिनिटांच्या आसपास येतं. दुसरा थांबा घड्याळावर ठरवू नका. तपास करणारा ‘आलं लक्षात’ अशा चेहऱ्याने उठतो पण बोलत काही नाही, तो क्षण पकडा. त्यानंतर नवा पुरावा येत नाही, नुसती उकल येते. पुढे सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतात, तिथे थांबवलात तर उशीर झाला, कारण कॅमेरा तोवर एखाद्या चेहऱ्यावर रेंगाळलेला असतो.

१९६५ च्या ‘टेन लिटल इंडियन्स’मध्ये उकलीच्या आधी पडद्यावर ६० सेकंदांचं घड्याळच दाखवलंय, प्रेक्षकांनी विचार करावा म्हणून. घरात ६० सेकंद पुरत नाहीत. पहिल्या थांब्याला ५ मिनिटं, दुसऱ्याला १० द्या.

थांबवताना होणारी खरी गडबड वेगळीच. पॉज दाबलं की खाली वेळेची पट्टी येते. ‘अजून ५० मिनिटं आहेत’ दिसलं की आता पकडलेला माणूस खुनी नाही, हे पोरंही ओळखतात. प्राइम व्हिडिओवर तर त्या दृश्यातल्या नटांची नावंही येतात. तोंड झाकलेल्या माणसाचं नाव तिथे दिसलं तर संपलंच की ओ. पट्टीवर पुठ्ठा लावाल तर सबटायटल झाकली जातात. म्हणून पॉज दाबताक्षणी रिमोटवरून इनपुट बदला, म्हणजे पडदा कोरा. थांबायची जागाही माणूस नसलेली निवडा: बंद दार, रस्ता, घराचा बाहेरचा भाग.

करंटसाठी: सिनेमा आधीच डाउनलोड करून लॅपटॉपवर ठेवा आणि टीव्हीला केबलने जोडा. ४३ इंची एलईडीला साधारण १०० वॅटच्या आत लागतात, घरचा इन्व्हर्टर सहज ओढतो. वायफाय मात्र करंटबरोबर जातं, त्या भरवशावर राहू नका.

जांबोटी_क्रॉस
चिठ्ठीच्या आधी तक्ता द्या. फूलस्केप आडवा धरून चार रकाने: पात्र, खुनाच्या वेळी कुठे होतो म्हणतो, त्याला दुजोरा कोणाचा, आणि हे आपण पाहिलं की ऐकलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘मी नऊ वाजता स्वयंपाकघरात होते’ हे पात्राने सांगितलं तर ‘ऐ’ लिहा. कॅमेऱ्याने तिला तिथे दाखवलं तर ‘पा’. फ्लॅशबॅक दिसतो डोळ्यांना, पण तो कुणाच्या तरी तोंडचा असतो, म्हणून त्याला ‘ऐ’च, आणि कंसात सांगणाऱ्याचं नाव. ‘राशोमोन’मध्ये (१९५०) एकाच मृत्यूच्या चार हकिगती आहेत, चारही पडद्यावर दिसतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत. दुसऱ्या थांब्यावर ‘ऐ’वाल्या ओळी बोटाने झाकून बघा, काय उरतं ते. बहुतेक वेळा दोनच नावांभोवती रिकामी जागा दिसते.

गाणी असतील तर गाण्यात कोण नाही ते टिपा. सगळे नाचत असताना गायब असलेला माणूस लोक हमखास विसरतात, कारण गाण्यात चहा आणायला उठतात.

सबटायटलबद्दल एक. डोळे खालच्या ओळीवर असले की मागच्या टेबलावरची वस्तू सुटते. तुमच्याकडे कन्नड न येणारे असतील तर कन्नड सिनेमा पहिल्याच वेळी नको. आणि कर्णबधिरांसाठीची सबटायटल लावू नका; फोनवरचा आवाज कोणाचा हे त्यांत कधीकधी नावासकट छापलेलं असतं.

शहापूर_पेठ
गुण दहा धरा. खुनी कोण, ३. खून कसा केला, २. पडद्यावर दिसलेले दोन पुरावे, प्रत्येकी २. एका संशयिताला का वगळलं, १. म्हणजे नुसतं नाव ठोकणाऱ्याला तीनच मिळतात, आणि नाव चुकूनही नीट तर्क केलेला पुढे जाऊ शकतो. चिठ्ठी लिहून घडी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मोठ्या आवाजाचा एकजण ‘नोकरानेच केला’ म्हणाला की अर्धी खोली नोकर लिहिते. सिनेमा आधी पाहिलेला कुणी निघाला तर त्याला गुण मोजायला बसवा. मोबाइल एका डब्यात.

आणि खोली पूर्ण काळोखी करू नका, लिहिता येत नाही. टीव्हीच्या मागे एक झिरोचा बल्ब पुरे. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’ मोडवर आणा, भडक मोडमध्ये अंधारातले बारकावे काळ्यात बुडतात.

टिळकवाडी_२
एवढा हिशोब कशाला? नामांकित नट पहिला तासभर कोपऱ्यात चहा ओतत बसलाय म्हणजे खुनी तोच. निर्मात्याने पैसे उगीच मोजले नाहीत.

जांबोटी_क्रॉस
@टिळकवाडी_२ हा नट ओळखण्याचा खेळ झाला. दिग्दर्शकांनाही ही खोड माहीत आहे, ते मुद्दाम मोठा नट चकवा म्हणून बसवतात. त्यापेक्षा इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांच्या रहस्यकथेसाठीच्या १९२९ च्या दहा नियमांतला पहिला नियम कामाचा: गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा. उत्तरार्धात उगवलेला माणूस खुनी निघाला तर सिनेमाने फसवलं असं धरा आणि त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्या.

पोस्टमार्टेम_वाचक
मृत्यूच्या वेळेवर कोडं असेल तर एवढं जवळ ठेवा. प्रेताचा ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत जबड्याकडून दिसू लागतो आणि १२ तासांच्या सुमारास अंगभर होतो. उष्म्यात लवकर, थंडीत उशिरा. म्हणून खुनाच्या खोलीत एसी जोरात लावलेला किंवा शेकोटी पेटलेली दाखवली तर ती शोभेला नाही. रक्त खालच्या बाजूला साकळून जे डाग पडतात ते काही तासांनी पक्के होतात. प्रेत पालथं सापडलं आणि डाग पाठीवर, तर कुणीतरी ते नंतर पालथं केलंय. फुटून थांबलेल्या मनगटी घड्याळावर मात्र कधीच विश्वास नको, काटे फिरवून आपटायला एक मिनिट लागतं.

कोर्ट_आवार
‘पुरावा’च्या रकान्यात कबुली धरू नका. पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही: १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३, १ जुलै २०२४ पासून. त्या माहितीवरून हत्यार सापडलं तर तेवढा भाग चालतो. सिनेमातला खुनी शेवटी इन्स्पेक्टरसमोर घडाघडा बोलतो, पण कबुलीआधीचं काय उरतं यावरच तुमची चिठ्ठी तपासा.

आणि हे घरापुरतंच ठेवा. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापराचं असतं. गल्लीत पडदा लावून दाखवायचं असेल तर हक्कदाराची वेगळी परवानगी लागते.

खानापूर_स्टेशनरोड
सगळ्यांचे आभार. तक्ता आणि दहा गुण पक्के. सुरुवातीला कुठला घेऊ? ‘इत्तेफाक’ (१९६९) की ‘क्लू’ (१९८५)?

अनगोळ_नाका
‘इत्तेफाक’. गाणी नाहीत, दोन तासांच्या आत संपतो, सगळ्यांना हिंदी कळतं. संशयित थोडे आहेत, म्हणून नावाला २ आणि ‘कसा’ला ३ असं उलटवा. १९६९ चाच घ्या, २०१७ मध्ये त्याच नावाने नवा आलाय, डाउनलोड करताना वर्ष बघा. ‘क्लू’ गुणांसाठी चालत नाही. थिएटरात तो तीन वेगवेगळ्या शेवटांनी लागला होता, एका प्रिंटला एक. घरी मिळणाऱ्या प्रतीत तिन्ही ओळीने येतात. बरोबर चिठ्ठी कुठली यावरून रात्री बारापर्यंत भांडण चालेल.