टू बिट्स म्हणजे चवली की पावली?

कोरांटी:
एका जुन्या अमेरिकन कथेचा अनुवाद करतेय. टेक्सासमधलं गाव, काळ साधारण १९१०. न्हाव्याच्या दुकानावर पाटी आहे, केस कापायचे टू बिट्स. पुढे एक बाई चिडून एकाला 'टू-बिट लॉयर' म्हणते. मी 'चवलीत केस कापून मिळतील' आणि 'चवलीछाप वकील' असं केलं. ज्यांना वाचायला दिलं त्यांनी दोन्हीखाली लाल रेघ मारली, म्हणे मराठीत असं कुणी बोलत नाही. आमच्या घरी बोलायचे! तुम्ही काय लिहिलं असतं?

ओसरी:
रेघ बरोबर पण कारण वेगळं. चवली म्हणजे दोन आणे हो, चार आण्यांची ती पावली आणि आठाची अधेली. टू बिट्स म्हणजे २५ सेंट, पाव डॉलर, म्हणजे पावलीच झाली. हिंदीतली चवन्नी चार आण्यांची असते, तिच्यामुळे सगळा घोळ होतो.

कोरांटी:
बिट दोन म्हणून मी आणेही दोनच धरले...

दौत:
तिथेच चुकतंय. आपला रुपया सोळा आण्यांचा, त्यांचा डॉलर आठ बिटांचा. मुळात तो स्पॅनिश डॉलर, आठ रेआलचा, आणि अमेरिकेत तो १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता. बिट म्हणजे त्याचा आठवा हिस्सा, साडेबारा सेंट. अमेरिकेच्या सरकारने बिटचं नाणं कधी पाडलंच नाही त्यामुळे पश्चिमेकडे दहा सेंटला शॉर्ट बिट आणि पंधराला लाँग बिट म्हणायचे. नाणं नसताना शब्द एवढा टिकतो याचं मला फार कौतुक वाटतं. शेअर बाजारात तर न्यूयॉर्कला भाव १९९७ पर्यंत अष्टमांशात सांगायचे.

मृगजळ:
मी ओहायोत राहते, इथे शाळेच्या मॅचला मुलं अजून ओरडतात, टू बिट्स, फोर बिट्स, सिक्स बिट्स, अ डॉलर! माझ्या मुलाला अर्थ विचारला तर माहीत नव्हता, मी पावली-अधेली सांगितली तर तीही माहीत नाही. बाय द वे बिट हे बाइटवरून आलं ना? नाणं चावून खरं-खोटं बघायचे म्हणून?

दौत:
बाइटशी नातं आहे, पण चावून बघण्याशी नाही. चावून तोडलेला तो बिट, म्हणजे घास, त्यावरून तुकडा.

पिंपळपान:
मुळात टेक्सासच्या न्हाव्याला आणे-पावल्या कशाला द्यायच्या? वाचकाला वाटेल दुकान साताऱ्यात आहे. सरळ '२५ सेंट' लिहा.

ओसरी:
मग त्या बोलण्याची चवच गेली! २५ सेंट काय, बँकेतला कारकूनही म्हणेल.

पिंपळपान:
चव हवी म्हणून देश बदलायचा नसतो. आणि 'छाप' तर सरळ हिंदी सिनेमातून आलंय, ते आधी काढा.

मृगजळ:
छाप मराठीत कधीपासून आहे, घोडाछाप काडेपेटी विसरलात का? प्रत्येक शब्द हिंदीच्या खात्यात टाकायची सवय बरी नाही.

दौत:
पाटी आणि शिवी यांना एकच शब्द हवा हा हट्ट सोडा. पाटीवर पैसे मोजायचेत, तिथे 'पाव डॉलर' चालेल. वकिलाला मात्र 'दीडदमडीचा'. दमडी आपण कुणीच पाहिलेली नाही पण बोचते सगळ्यांना, आणि अमेरिकेतही नेमकं तेच झालंय, नाणं नाही पण अपमान आहे.

कोरांटी:
दीडदमडीचा वकील छान आहे! पण पुढच्या परिच्छेदात तो वकील बाईच्या पुढ्यात खरंच दोन बिट ठेवतो आणि म्हणतो, घ्या तुमची फी परत. तिथे शब्द जुळायलाच हवा, म्हणून मी अडले होते.

ओसरी:
मग पावलीच! 'पावलीचा वकील'. पाऊल टाकताना देवापुढे ठेवायची ती पावली, किती सुंदर शब्द.

दौत:
पाऊल नाही हो, पाव, चौथा हिस्सा.

ओसरी:
आमची आजी पंढरपूरला पायरीवर ठेवायची आणि तसंच सांगायची.

पिंपळपान:
आजीच्या वेळी चार आण्यांना चवली म्हणणारेही होते, माझे वडील म्हणायचे. नगर जिल्ह्यात आणखी कुणाकडे म्हणायचे का?

मृगजळ:
आमच्याकडे नागपूरला थेट चाराणे, १९५७ ला दशमान आलं तरी २५ पैसे म्हणजे चाराणेच. २०११ ला ते नाणं बंद झालं तेव्हा आईने एक डबीत ठेवलं, ते अजून आहे.