वीज कंपनीचा माणूस आणि वेंडेल विल्की

असं म्हटलं जातं की वीज कंपनीतून राजकारणात आलेला माणूस शेवटपर्यंत कंपनीचाच राहतो. सरसकट नाही पटत. अमेरिकेतले वेंडेल विल्की आठवा. कॉमनवेल्थ अँड सदर्न या बड्या वीज कंपनीचे ते अध्यक्ष. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाशी, म्हणजे वीज बनवून विकणाऱ्या सरकारी संस्थेशी, वर्षानुवर्षं भांडले, आणि १९३९ मध्ये टेनेसीतली उपकंपनी सुमारे ७.८६ कोटी डॉलरला विकावी लागली. त्याच लढ्यातून नाव झालं. एकही निवडणूक न लढवलेला हा माणूस १९४० मध्ये रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार!

रूझवेल्टकडून हरल्यावर मात्र त्यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला मदत देण्याच्या प्रश्नावर त्याच रूझवेल्टना उघड पाठिंबा दिला, स्वपक्षातल्यांचा रोष पत्करून. १९४२ च्या जगप्रवासाहून परतल्यावर रेडिओवरच्या भाषणात भारताच्या स्वातंत्र्याचा विषयही काढला. यात वीज कंपनीचा कसला फायदा?