मदत हवी आहे : कन्व्हेन्शन सेंटरजवळ वेळेवर ताट मिळेल अशी जागा कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात एका मोठ्या शहरातल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आमचा स्टॉल आहे, गुरुवार ते रविवार. स्टॉलवर मी आणि मोठा भाऊ, दोघंच. दादाला टाइप १ मधुमेह आहे, प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. त्यामुळे चवीचं मला फारसं पडलेलं नाही. ताट किती वाजता समोर येईल हे नक्की सांगता येईल अशी जागा हवी आहे.

गेल्या वर्षीचं सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला आतल्या फूड कोर्टमध्ये ऑर्डर दिली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पाच मिनिटं. दादाने तिथेच इन्सुलिनचं पेन लावलं आणि गिऱ्हाईक आल्याचा फोन आला म्हणून स्टॉलकडे पळाला. मी टोकन धरून उभी. त्याचं इन्सुलिन साधारण १५ मिनिटांत काम सुरू करतं, तासाभरात त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. आणि ताट आलं चाळीस मिनिटांनी. ट्रे घेऊन पोचले तेव्हा दादा त्याच माणसाला तीच माहिती पुन्हा सांगत होता, कपाळावर घामाचे थेंब आणि हातातला कॅटलॉग उलटा. साखर मोजली तर ५८. सत्तरच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे मला पाठ आहे. पण गोळ्या त्याच्या बॅगेत आणि बॅग मुक्कामाच्या हॉटेलवर. शेजारच्या स्टॉलवरच्या ताईंनी पटकन साखरपाणी करून दिलं. त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टरांनी आता बजावलंय, ताट समोर आल्याशिवाय पेन बाहेर काढायचं नाही. ते पाळूच. पण स्टॉल सोडून दोघांनी तासभर जाणं शक्य नाही आणि आम्हाला त्या भागातलं काहीच माहीत नाही. नकाशावर 'पाच मिनिटांवर' दिसणाऱ्या जागांवर विसंबावं का? बाहेरून मागवलेलं आत आणू देतात का? आणि घरून डबा न्यावा तर तो दुपारपर्यंत टिकेल का?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं प्रदर्शनांत स्टॉल लावतो. नकाशातली पाच मिनिटं म्हणजे साधारण चारशे मीटर, आणि ती केंद्राच्या फाटकापासून. तुमचा स्टॉल शेवटच्या हॉलमध्ये असेल तर फाटकापर्यंतच दहा मिनिटं जातात, परत येताना बॅज आणि बॅग तपासणीची रांग वेगळी. तेव्हा आधी आयोजकांकडून हॉलचा आराखडा मागवा आणि तुमच्या हॉलला सगळ्यात जवळचं दार कुठलं, ते दुपारी उघडं असतं का, हे विचारा. बऱ्याचदा ते दार फक्त माल चढवण्या-उतरवण्यासाठी असतं.

दुसरं म्हणजे तुमचा शनिवार-रविवार. अशी केंद्रं पुष्कळदा ऑफिसांच्या वस्तीत असतात. तिथली छोटी उपाहारगृहं ऑफिसच्या लोकांवर चालतात आणि सुट्टीच्या दिवशी शटर खाली असतं. गुरुवारी सापडलेली जागा रविवारी बंद, हे माझ्या बाबतीत घडलंय. फोन करून चारही दिवसांचं विचारा, आणि सोबत दुपारी स्वयंपाकघर किती ते किती बंद असतं तेही. चालत जाण्याइतक्या अंतरावर मोठं हॉटेल असेल तर तिथलं दिवसभर चालणारं कॉफी शॉप बघा. महाग पडतं, पण टेबल आधी सांगून ठेवता येतं. बुफे असेल तर फारच उत्तम, वाढून घेतलं की ताट हातातच.

बाहेरच्या जेवणाचं म्हणाल तर अनेक केंद्रांत खानपानाचा ठेका एकाच कंत्राटदाराकडे असतो, म्हणून बाहेरचं आत सोडत नाहीत. डिलिव्हरीवाला भलत्याच फाटकावर थांबतो ते वेगळंच. पण तुमचं कारण वैद्यकीय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आयोजकांना आत्ताच ईमेल करा आणि त्यांचं लेखी उत्तर फोनमध्ये ठेवा. फाटकावरच्या माणसाशी तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं.

प्रतिसाद २

डब्याबद्दल एवढंच, शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा किंवा कोरडं खाणं न्या. ग्लुकोजच्या गोळ्या दादांच्या शर्टाच्या खिशात आणि आणखी एक पाकीट स्टॉलच्या खणात. गोळी बहुधा ४ ग्रॅमची असते, म्हणजे एका वेळी चार. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रविवारचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आयोजकांना आज ईमेल केला. दादाने साडेअकराला, गर्दी व्हायच्या आत जेवायचं आणि मी तो परत आल्यावर जायचं, असं ठरवलंय. आता एकच विचारते : कुणी आयोजकांकडे अशी वैद्यकीय परवानगी मागितली आहे का? चिठ्ठीत डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यावं?