खालच्या डिव्हिजनमधल्या कप विजेत्याला खंडीय स्पर्धेत जागा द्यावी का?

ढोबरवाडी_लेफ्टबॅक
आमच्या ग्रुपवर गेला आठवडाभर हा वाद चालू आहे. इथे नियम माहीत असणारी मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

इंग्लंडच्या विगन क्लबचा दाखला सगळ्यांना पाठ आहे. ११ मे २०१३ ला मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप, तीन दिवसांनी प्रीमियर लीगमधून रेलिगेशन (खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण) आणि पुढच्या मोसमात सेकंड डिव्हिजनमधून युरोपा लीग. आशियात व्हेंटफोरेट कोफू. २०२२ मध्ये जपानच्या जे-२ मध्ये, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये, २२ संघांत अठरावा आलेला क्लब एम्परर्स कप जिंकला आणि थेट एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये गेला.

एका गटाचं म्हणणं, पाच-सहा सामने जिंकून खंडीय तिकीट मिळत असेल तर वरच्या लीगमध्ये वर्षभर घाम गाळणाऱ्या चौथ्या-पाचव्या संघाने काय घोडं मारलंय? दुसरा गट म्हणतो, मग कप खेळवताच कशाला? आणि हे ठरवतं कोण, देशाची संघटना की यूएफा-एएफसी (युरोप आणि आशियाच्या फुटबॉल संघटना)?

ऑफसाइड_ट्रॅप
आधी शेवटचा प्रश्न. जागा कोणत्या स्पर्धेला द्यायची हे खंडीय संघटनेच्या नियमांत असतं. ती कपला दिली की विजेता कुठल्या डिव्हिजनचा हे कोणी बघत नाही. बघतात ते क्लबचं लायसन्स, म्हणजे खंडीय स्पर्धेत खेळण्याचा परवाना.

खरी मेख तिथेच आहे. वरच्या लीगमधले क्लब दरवर्षी लायसन्सच्या प्रक्रियेतून जातात, खालच्यांवर ती सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून यूएफाच्या नियमावलीत अशा क्लबसाठी अपवादात्मक अर्जाची वेगळी वाट ठेवलेली आहे. देशाची संघटना यूएफाला कळवते, क्लब कागद देतो आणि मग परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. कागद म्हणजे ऑडिट झालेला ताळेबंद, खेळाडूंचे पगार, कर आणि ट्रान्सफरचे पैसे थकलेले नाहीत याचा पुरावा, युवा संघांची माहिती, आवश्यक डिप्लोमा असलेला मुख्य प्रशिक्षक आणि निकषात बसणाऱ्या मैदानाचा लेखी करार. स्वतःचं मैदान बसत नसेल तर दुसऱ्याचं चालतं.

पूर्वी डिव्हिजन बघायचे, आणि त्यातून अन्यायच झाला. १९६७ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स आणि १९६९ मध्ये स्विंडन, दोघेही थर्ड डिव्हिजनमधले लीग कप विजेते. स्विंडनने तर फायनलमध्ये आर्सेनलला ३-१ हरवलं होतं. तरी फर्स्ट डिव्हिजनमध्ये नाही म्हणून दोघांनाही फेअर्स कप या युरोपीय स्पर्धेचं दार बंद. त्याच काळात कप विनर्स कपमध्ये (देशोदेशींच्या कप विजेत्यांची युरोपीय स्पर्धा) मात्र ही अट नव्हती. सन्डरलंड १९७३ मध्ये आणि साउदॅम्प्टन १९७६ मध्ये सेकंड डिव्हिजनमधूनच गेले.

सगळ्यात गमतीची जोडी १९८०-८१ ची. आदल्या मोसमात रेआल माद्रिदने स्पेनची लीग आणि कप दोन्ही जिंकले, त्यामुळे फायनलमध्ये त्यांच्याकडूनच ६-१ मार खाल्लेला त्यांचाच दुसरा संघ कास्तिया कप विनर्स कपमध्ये गेला. समोर वेस्ट हॅम. दोन्ही सेकंड डिव्हिजनचे! माद्रिदमध्ये कास्तिया ३-१, लंडनमध्ये रिकाम्या स्टेडियमवर जादा वेळेनंतर वेस्ट हॅम ५-१.

पेठेतला_रेफ्री
इतिहास झाला, आता हिशेब करा.

इंग्लंडच्या सेकंड डिव्हिजनमध्ये २४ संघ, म्हणजे ४६ सामने. गुरुवारी रात्री परदेशात खेळायचं, पहाटे परतायचं आणि रविवारी पुन्हा लीग. त्यात रेलिगेशन झालं की पगारकपातीची कलमं लागू होतात आणि चांगले खेळाडू निघतात. विगनचा प्रशिक्षक मार्टिनेझ एव्हर्टनला गेला, पाठोपाठ मॅकार्थी आणि कोने. कप जिंकलेला संघ आणि युरोपात उतरलेला संघ एकच नव्हता. ग्रुपमध्ये रुबिन कझान, झुल्ते वारेगेम आणि मारिबोर. सहा सामन्यांत एक विजय, दोन बरोबऱ्या, शेवटचा क्रमांक.

भुर्दंड मात्र सगळ्या देशाला. यूएफाच्या देशवार क्रमवारीत सर्व क्लबांच्या गुणांची बेरीज करून क्लबांच्या संख्येने भागतात. ग्रुपमधल्या विजयाला २, बरोबरीला १. विगनचे झाले ४. त्या वर्षी इंग्लंडचे ७ क्लब होते, म्हणजे देशाच्या खात्यात पडले ०.५७. लीगमधला पाचवा-सहावा संघ याहून जास्त देऊन गेला असता. इंग्लंडला हे परवडतं. दोन-तीन जागांवर जगणाऱ्या देशाला एक असा क्लब गेला की पुढची जागाच धोक्यात.

ऑफसाइड_ट्रॅप
रेफ्रीसाहेब, शिट्टी जरा घाईत वाजवलीत. त्याच मोसमात विगन लीगमध्ये पाचवा आला, प्लेऑफ खेळला, एफए कपच्या सेमीफायनलला पेनल्टीवर आर्सेनलकडून हरला. सगळे मिळून साठाच्या वर सामने. बर्मिंगहॅम २०११ मध्ये लीग कप जिंकून रेलिगेट झालं, तेही युरोपा लीगला गेलं आणि ब्रागा, ब्रुज, मारिबोरच्या ग्रुपमध्ये १० गुण मिळवून थोडक्यात तिसरं राहिलं. लीगमध्ये चौथं. दोघांचंही प्रमोशन प्लेऑफमध्ये हुकलं, हे तुमच्या बाजूने धरा.

वेस्ट हॅम त्याच १९८०-८१ मध्ये क्वार्टरफायनलपर्यंत जाऊन सेकंड डिव्हिजन जिंकलं. पण तेव्हा पूर्ण नॉकआउट होतं, त्यांचे युरोपातले सामने झाले सहा. आजच्या युरोपा लीगच्या लीग फेजमध्येच (नॉकआउटच्या आधीची फेरी) आठ ठरलेले आहेत. बोचतं ते हे वेळापत्रक, डिव्हिजन नव्हे. संघटनेला काळजी असेल तर त्या क्लबचे मंगळवारचे लीग सामने आधीच हलवून द्यावेत.

कॉर्नर_फ्लॅग
कोफूवर कोणीच बोलत नाही? मेलबर्न सिटी, झेजियांग, बुरिराम यांच्या ग्रुपमध्ये ११ गुण आणि पहिला क्रमांक. पुढच्या फेरीत उल्सानने दोन्ही सामन्यांत हरवलं, ते सोडा. अडचण मैदानाची होती. त्यांचं स्टेडियम एएफसीच्या निकषात बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने रेल्वेने दीड तासावरच्या टोकियोतल्या नॅशनल स्टेडियमवर. तिथे इतर जपानी क्लबांचे चाहतेही आपापल्या जर्सी घालून कोफूला ओरडायला आले, हे नशीब. एरवी भाडं मोठं आणि गॅलऱ्या रिकाम्या, असंच होतं.

कोरियाचा जेओन्नाम ड्रॅगन्सही आहे. २०२१ मध्ये सेकंड डिव्हिजनमधून कप, पुढच्या वर्षी एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये तिसरा. लाज वाटावी असं काही नाही.

माझं मत: विजेत्याला जागा द्यावी, उपविजेत्याला नको. २००४ मध्ये मिलवॉल फायनल ३-० ने हरूनही यूएफा कपला गेलं, कारण मँचेस्टर युनायटेड चॅम्पियन्स लीगमध्ये होतं. ती पळवाट यूएफाने २०१५ पासून बंद केली. आता विजेता आधीच पात्र असेल तर जागा लीगकडे जाते. बरोबर केलं. हरलेल्याला बक्षीस कशाचं?

ढोबरवाडी_लेफ्टबॅक
पटलं. आता आपल्याकडचं सांगा. उद्या आय-लीगमधला (आयएसएलच्या खालची डिव्हिजन) क्लब सुपर कप (आपली देशपातळीवरची कप स्पर्धा) जिंकला तर?

कॉर्नर_फ्लॅग
पात्र होऊ शकतो, पण थेट मुख्य फेरीत जाईल असं समजू नका. २०२३ मध्ये ओडिशा सुपर कप जिंकूनही एएफसी कपसाठी आधी गोकुलम केरळाशी प्लेऑफ खेळलं, ३-१. २०२४ चा विजेता ईस्ट बंगाल एसीएल-टूच्या (एएफसी चॅम्पियन्स लीग टू, दुसऱ्या पातळीची स्पर्धा) प्राथमिक सामन्यात अल्तिन असिरकडून हरून त्याखालच्या चॅलेंज लीगमध्ये उतरला. एफसी गोवाने २०२५ मध्ये अल सीबला २-१ हरवलं आणि मग अल नस्रच्या ग्रुपमध्ये गेला.

आय-लीगच्या क्लबने पाहायची पहिली गोष्ट लायसन्सचा दर्जा. आय-लीगला प्रीमियर-२ चालतं, एएफसी स्पर्धांना प्रीमियर-१ लागतं. कप जिंकल्यावर धावपळ करून ते होत नाही. ऑडिट मागच्या आर्थिक वर्षाचं असतं आणि थकलेले पगार तारखेच्या आत चुकते केल्याच्या सह्या लागतात. त्यामुळे क्वार्टरफायनल गाठली की फाइल उघडावी, फायनलची वाट बघू नये. प्रशिक्षकाकडे प्रो डिप्लोमा नसेल तर डिप्लोमावाल्याला कागदावर मुख्य करून जुन्याला बाजूला बसवण्याची युक्ती करतात. ड्रेसिंग रूममध्ये हुकूम कोणाचा, यावरून त्यात हमखास भांडणं होतात.

पेठेतला_रेफ्री
आणि मैदान? पुण्यातून असा क्लब निघाला, तर.

कॉर्नर_फ्लॅग
बालेवाडी. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा येऊन २०१४ चा एएफसी कप खेळला, तेव्हा घर तेच होतं. ढोबरवाडीच्या मैदानावर एएफसीचा निरीक्षक फाटकातूनच परत फिरेल. पण बालेवाडी क्रीडा खात्याचं आहे. तारखा आधी लेखी घ्या, फ्लडलाइटची तपासणी निरीक्षक यायच्या आधी स्वतः करून घ्या आणि प्राथमिक सामना ऑगस्टमध्ये येतो हे धरून ग्राउंड्समनला जूनपासूनच निचऱ्याच्या कामाला लावा.