नवीन स्काऊट पथक दिवाळीनंतर बंद पडू नये म्हणून काय करावं?

बालाघाट (बीड जिल्हा)
नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते आठवी. माझा स्काऊट शिक्षकाचा बेसिक कोर्स झालाय, या जूनपासून स्काऊट पथक सुरू करायचंय. मुख्याध्यापक म्हणतात, एकदम 32 मुलांची नोंदणी करून टाका. अडचण अशी की दिवाळीच्या आसपास निम्मी घरं ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्यापर्यंत परतत नाहीत. तालुक्यातले एक जुने स्काऊटर (पथक चालवणारे शिक्षक) मदतीला यायला तयार आहेत. त्यांच्याकडून नेमकी काय मदत घ्यावी? आणि मुलींचं काय करावं?

मांजराकाठ (लातूर)
सर, 32 हा पथक पूर्ण भरल्यावरचा आकडा आहे, आठ-आठचे चार संघ. पहिल्याच दिवशी तेवढी मुलं समोर उभी राहिली की एकटा माणूस कवायतीपलीकडं काही घेऊच शकत नाही. महिनाभर सावधान-विश्राम झालं की मुलं गळायला लागतात, आणि नोंदणी असूनही पथक कागदावरच राहतं. 1907 च्या इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात खुद्द स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्याकडंही वीसच मुलं होती, तीही चार संघांत वाटलेली.

शाळा उघडल्या उघडल्या फक्त आठ मुलं घ्या. चार संघनायक, चार उपसंघनायक. सहावी-सातवीतलीच निवडा; आठवीतली पुढच्या जूनला शाळा सोडून जातात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. शिवाय स्काऊटच्या पायऱ्या असतात: तीन महिन्यांच्या ‘प्रवेशा’नंतर प्रथम सोपानला सहा महिने, मग द्वितीयला नऊ आणि तृतीयला आणखी नऊ लागतात. आठवीत सुरुवात केलेल्या मुलाची दहावीची दिवाळी तिथंच येते.

जुलैअखेरपर्यंत या आठांना वचन, नियम, प्रार्थना, झेंडागीत, खूण, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन आणि चार-पाच गाठी पक्क्या येऊ द्या. मग प्रत्येक संघात चार-चार मुलं वाढवा, की 24 झाले. पहिल्या आठांचे प्रवेशाचे तीन महिने सप्टेंबरच्या मध्याला पुरे होतात. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की त्याच मैदानावर त्यांचा दीक्षाविधी (वचन घेऊन स्काऊट होण्याचा समारंभ) घ्या, गाव जमलेलंच असतं. बाकीच्यांचा ऑक्टोबरअखेर, ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडायच्या आत. स्कार्फ गळ्यात पडलेलं मूल परत येतं. नुसतं यादीत नाव असलेलं बहुधा येत नाही.

ऊसतोडीचा विचार संघ पाडतानाच करायला हवा. कुणाचं घर जाणार आहे हे पालकांना जुलैतच विचारा. एका संघाचा नायक आणि उपनायक दोघंही जाणाऱ्या घरांतले नकोत. एक जाणारा, एक राहणारा अशी जोडी लावा. नाहीतर डिसेंबरात दोन संघ बिननायकाचे होतात आणि उरलेल्या दोनांनाही करमत नाही. जाणाऱ्यांची नावं कमी करू नका. त्यांच्याबरोबर एक छोटी वही द्या, रोजच्या सत्कृत्याची एक ओळ लिहायला. गावात हंगामी वसतिगृह असेल तर मुलं तिथंच राहतात. मग सभा संध्याकाळी तिथं घ्या.

पथकाच्या सभेचा वार शनिवार. सकाळची शाळा सुटली की लगेच, सव्वा तास. झेंडा आणि तपासणी दहा मिनिटं, खेळ पंधरा, संघांच्या कोपऱ्यात नवीन कौशल्य पंचवीस, तेच कौशल्य वापरून संघांची चुरस पंधरा, सूचना आणि प्रार्थना दहा. कोपऱ्यात शिकवायचं ते संघनायकानं. तुम्ही त्याला आदल्या दिवशी मधल्या सुटीत शिकवून ठेवायचं. हे जमलं तर पथक चालतं, न जमलं तर तो शारीरिक शिक्षणाचा आणखी एक तास होतो.

गोदाकाठ (नांदेड)
मदतनीस स्काऊटरबद्दल लिहितो, कारण चांगल्या मनानं केलेली चूक इथंच होते. अनुभवी माणूस येतो, दर शनिवारी स्वतःच सगळं घेतो. मुलं त्यांचीच होतात. त्यांचं येणं थांबलं की पथकही थांबतं.

म्हणून पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. पहिली सभा ते घेतील, तुम्ही बघाल. दुसरी-तिसरी अर्धी-अर्धी. चौथीपासून तुम्ही घ्यायची, त्यांनी बाजूला बसायचं आणि मुलांसमोर तुम्हाला दुरुस्त करायचं नाही. मुलं गेल्यावर पंधरा मिनिटं बोलायचं, एका वेळी दोनच सुधारणा. त्यानंतर दीक्षाविधीपर्यंत त्यांनी पंधरवड्यातून एकदा यावं, नंतर महिन्यातून एकदा, मधल्या शनिवारी फोन. पुन्हा नेमानं यायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरात, कारण संख्या निम्मी झाल्यावर धीर सुटतो तो शिक्षकाचाच. त्यांनी एका वर्षी तीनपेक्षा जास्त नवीन पथकं अंगावर घेऊ नयेत, आणि तीही एकाच केंद्रातली (जवळच्या शाळांच्या गटातली) असावीत. केंद्राच्या शिक्षण परिषदेला तुम्ही भेटताच. तिथं अर्धा तास काढून पुढच्या चार सभांचं नियोजन एकत्र करा. स्काऊटच्या जिल्हा संघटकांनाही हे कळवून ठेवा.

गाठींसाठी प्रत्येकाला 3 मीटर दोरी, सुती किंवा तागाची. बाजारात स्वस्त मिळते म्हणून गुळगुळीत नायलॉन आणू नका, नवख्या हाताची गाठ त्यावर सरकते आणि चूक मुलाची की दोरीची हेच कळत नाही. रीफ नॉट (दोन टोकं जोडायची सपाट गाठ) तपासताना बघा: प्रत्येक बाजूला दोरीचं टोक आणि मुख्य दोर एकमेकांना समांतर, गाठ सपाट बसलेली. टोकं आडवी निघाली तर ती चुकीची, ग्रॅनी गाठ, ती सुटते.

गाइडर (परभणी)
मुलींना स्काऊट पथकात बसवू नका. त्यांचं पथक, म्हणजे गाइड कंपनी, वेगळी आणि ती चालवणारी कॅप्टन बाईच लागते. शाळेत शिक्षिका नसेल तर गावातली शिकलेली तरुणी शोधा, माजी विद्यार्थिनी असेल तर उत्तमच, आणि बेसिक कोर्ससाठी तिचं नाव जिल्हा संघटकांकडं (गाइड) द्या. तोवर मुलींची नोंदणी नको; आश्वासन देऊन वर्षभर ताटकळत ठेवणं वाईट.

गणवेशाची घाई कुणीच करू नये. पहिल्या वर्षी शाळेच्याच गणवेशावर स्कार्फ पुरतो. 80 सेंमीचा चौकोन तिरका कापला की दोन स्कार्फ. 24 मुलांना बारा चौकोन, म्हणजे 90 सेंमी पन्ह्याचं सुती कापड 9.6 मीटर. आटतं म्हणून साडेदहा घ्या, रात्रभर भिजवून वाळवा, मगच कात्री लावा. पिवळा रंग टाळा.

बालाघाट (बीड जिल्हा)
सर, ताई, मनापासून आभार. मुख्याध्यापकांना 24 पटवून देतो. एक शंका राहिली: माझी बदली झाली तर?

गोदाकाठ (नांदेड)
त्याची तयारी आत्ताच करा. दुसरा शिक्षक सहायक म्हणून पहिल्या महिन्यापासून सभेत हवा आणि पुढच्या बेसिक कोर्सला त्याचंच नाव जाऊ द्या. एका फाइलमध्ये हजेरी, प्रत्येक मुलाची सोपानाची नोंद तारखेसह, सभांचं नियोजन, साहित्याची यादी आणि ऑनलाइन नोंदणीचा तपशील ठेवा; नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि बदलीच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. पथकाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. बदलीचा आदेश आला की फाइल कपाटात ठेवून जाऊ नका. सहायक, नवीन मुख्याध्यापक आणि तुमचे ते स्काऊटर यांना एकत्र बसवून ती हातात द्या, जमलं तर संघनायकांनाही बोलवा.